नावाड्याचा प्रवेश

विनफोल्ड हॉल, सफोक
४ फेब्रुवारी १७४३

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र काल हाती आलं. मी ठीक आहे, डावा पाय सोडून. तो ठीक असायचं नावच घेत नाही. तूही बरी असशील असं धरून चालतो.

पाकिटावरचं अक्षर माझ्याआधी मिसेस टॅपलनं ओळखलं. पत्र तबकात ठेवून आणलं आणि बया तिथंच उभी. "काय हवंय?" म्हटलं, तर म्हणे, "काही नाही, साहेब, शेकोटी बघतेय." शेकोटी चांगली धडधडत होती. शेवटी मीच म्हटलं, "बाई, आपली हेस्टर जिवंत आहे, जा आता." तर एप्रनला डोळे पुसत गेली, आणि रात्रीच्या रश्श्यात मीठ दोनदा पडलं. घरकाम करणाऱ्या बाईनं चार वर्षं कुणाची वाट बघावी, याला काही सुमार?

इकडची खबर म्हणजे, ओढ्याकाठचं नासपतीचं जुनं झाड वादळात आडवं झालं. पाद्रीसाहेब आता स्वतःच्या प्रवचनात स्वतःच डुलक्या घेतात. आणि माझं पुस्तक! पार्लमेंट सोडल्यापासून मी दुसरं काही केलेलं नाही. आपल्या लाडक्या जुन्या नाटककाराची, म्हातारबुवांची, सगळी नाटकं, सहा खंड, विद्यापीठाच्या छापखान्यात, चित्रांसकट. (अजूनही मी त्यांना म्हातारबुवाच म्हणतो. हे नाव तू ठेवलेलं.) तिसऱ्या खंडाची तपासायची मुद्रितं टेबलावर पडली आहेत आणि छापखानेवाला दर आठवड्याला तगादा लावतो.

माझी पद्धत तुला आवडेल. म्हातारबुवांच्या नाटकांत जागोजागी पाणचट विनोद आहेत, दारुडे आहेत, शिवीगाळ आहे. इतका मोठा माणूस असलं लिहील तरी कसं? त्यांनी लिहिलेलंच नाही ते. गॅलरीतल्या लोकांनी खिदळावं म्हणून नटांनी मागाहून घुसडलंय. असं काही सापडलं की मी ते उचलतो आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकून देतो. ज्याला हवं त्यानं वाकून वाचावं. तिसऱ्या खंडातला तो नावाड्याचा प्रवेश अख्खाच तळाशी गेला. तुला आठवत असेल. नसेलही.

आता तुझ्या कामाविषयी. तू लिहितेस की मिस्टर पेनल यांच्या नाटकमंडळीनं ऑल्डरविकला एका धान्याच्या कोठारात खेळ लावला. तिकीट विकलं असं होऊ नये म्हणून दारात दंतमंजनाच्या पुड्या विकल्या आणि नाटक 'फुकट' दाखवलं. मॅजिस्ट्रेट क्रॉम्प यांनी भर खेळात पेनल यांना धरलं आणि परवान्याविना नाटक करणारा भटक्या म्हणून ईस्टरपर्यंत तुरुंगात टाकलं. तू म्हणतेस, मी क्रॉम्पना एक ओळ लिहावी. "हा माझा जावई आहे", एवढीच.

एक ओळ! अगं, हा कायदा व्हावा म्हणून भर सभागृहात घसा कुणी कोरडा केला? मीच. ते भाषण छापून गावोगाव वाटलं गेलं. आता त्याच कायद्यातून पहिला माणूस मीच हात धरून बाहेर काढला, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तुझा नवरा दंतमंजन विकायला निघाला तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं का? ईस्टर काही फार लांब नाही. तुरुंगात जरा शांतपणे विचार करायलाही सवड मिळते म्हणतात.

सोबत नासपतीच्या मुरंब्याची बरणी पाठवतो आहे. पडलेल्या झाडाची शेवटची फळं. सांभाळून उघड.

तुझा पिता,
सर लायनेल वेदरडेन, बॅरोनेट,
विनफोल्डचा जमीनदार, पार्लमेंटचा माजी सभासद

*

विनफोल्ड हॉल
१५ फेब्रुवारी

हेस्टर,

बरणी परत आली. न उघडता. वर तुझ्या दोन ओळी, "बाबा, ही बरणी बारा कोस वाहून आणणाऱ्याची दया आली. एक ओळ पाठवली असतीत तर त्याला एवढं ओझं झालं नसतं."

हा तिरकसपणा कुणाकडून घेतलास ते मला विचारू नकोस. मिसेस टॅपलनं बरणी फडताळात ठेवली, ती दार आपटूनच. तेव्हापासून माझ्याशी 'हो साहेब' आणि 'नाही साहेब' एवढंच बोलते.

तू पुढे लिहिलंस की तुरुंगाच्या आतल्या कोठडीत तापाची साथ आहे. तीन माणसं गेली. मिस्टर पेनल अजून पुढच्या खोलीत आहेत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी. तू रोज खिडकीतून पाव आणि ताक देतेस आणि ते आत बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नकला करतात. ही शेवटची गोष्ट वाचून मी रागावलो. मग का रागावलो ते कळेना, म्हणून मुद्रितं घेऊन बसलो.

समोर नेमकं नावाड्याचंच पान आलं.

तू काय करायचीस, आठवतं? माझी टोपी नाकापर्यंत ओढून घ्यायचीस, शेकोटीची सळई वल्ह्यासारखी धरायचीस आणि ग्रंथालयातल्या गालिच्यावर फतकल मारून बसायचीस. मी राजाचा दूत. पलीकडच्या काठाला जायची घाई. तू ओरडायचीस, "कोण आहे तिकडं?" मी छाती काढून सांगायचो: राजाचा दूत, उत्तरेचा सरदार, तीन किल्ल्यांचा मालक, राणीसाहेबांचा मामा! त्यावर तू म्हणायचीस, "अरे बापरे! एवढी माणसं माझ्या होडीत मावायची नाहीत. एकेकटे या!" तुला तेव्हा सातवं लागलेलं. प्रत्येक वेळी मी इतका हसायचो की मिसेस टॅपल धावत यायची.

तुझ्या पहिल्या पत्रात होतं, मिस्टर पेनल यांना धरलं तेव्हा ते नावाड्याचंच काम करत होते. तुझ्याकडूनच शिकले असणार. मी त्या ओळीवरून पुढे गेलो होतो, जशी काही ती तिथे नव्हतीच. तुझ्यापाशी लपवण्यात काय अर्थ आहे? तो प्रवेश काही पाणचट नाही. तू घर सोडलंस आणि मला तो वाचवेना. म्हणून नटांच्या नावावर घालून खाली ढकलला.

असो. क्रॉम्पना पत्र लिहायला घेतलं. 'आपल्या तुरुंगात असलेला जोसायास पेनल हा माझा' असं लिहिलं, आणि पुढचा शब्द काही उमटेना. कागद टाकला. 'माझ्या कन्येचा' लिहिलं, तोही टाकला. 'माझ्या परिचयाचा' हे तर धडधडीत खोटं. मी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. टेबलाखाली कागदांचा ढीग पाहून मिसेस टॅपल म्हणाली, "साहेब, नाटक लिहिताय की काय?"

शेवटी असं पत्र गेलं, "जोसायास पेनल नावाच्या नटाच्या बाबतीत कायद्याची अंमलबजावणी कशी होत आहे, याबद्दल मला व्यक्तिशः आस्था आहे. कळवल्यास उपकृत होईन." बस्स. समजणाऱ्याला समजेल. पार्लमेंटात आम्ही याहून कमी शब्दांत मंत्री बदलले आहेत. क्रॉम्प शहाणा असेल तर हे वाचून लगेच दार उघडेल, आणि माझ्या नावाला कुठे डागही लागणार नाही.

एवढं करूनही काल झोप नीट आली नाही. पायामुळे असेल.

तुझा,
सर लायनेल वेदरडेन

*

हंस खाणावळ, ऑल्डरविक
९ मार्च

हेटी,

तू पलीकडच्या काठावर, मी अलीकडच्या. मधे नदी आणि एक होडी. तुझ्या खोलीच्या खिडकीतला दिवा इथून दिसतो. आज दुपारी तू माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "बाबा, आलात. मला वाटलं नव्हतं याल." मग म्हणालीस, उद्या जेवायला तिकडे या, वाटाण्याचं सूप करते, तुम्हाला आवडतं तसं, पुदिना घालून. मी होकाराची मान हलवली. मान हलवायला नको होती.

इथलं सूप बेचव आहे, पलंग मात्र बरा. खाणावळवाली भली बाई आहे, पायाला शेकायला तापवलेली वीट आणून दिली. गाडीच्या प्रवासात पायानं जीव नकोसा केला होता.

बघ, पुन्हा पायाचं सांगत बसलो.

दहा दिवसांपूर्वी तुझं तिसरं पत्र आलं. जोसायासला आतल्या कोठडीत हलवलंय, पायात बेड्या घातल्या आहेत, आणि त्याला ताप भरलाय. आणि खाली, "का हलवलं कुणी सांगत नाही. तुरुंगरक्षक म्हणतो, कुणा बड्या माणसाचं पत्र आलं. बाबा, आमचं असं वाईट चिंतणारा बडा माणूस कोण असेल?"

पत्र वाचल्याबरोबर मला कळायला हवं होतं. कळलं नाही. कळून घेतलं नाही म्हण. निघायलाच मला आठ दिवस लागले. पाय, रस्ते, घोडी, छापखान्याचं पार्सल, काय वाटेल ती कारणं काढली. शेवटी मिसेस टॅपलनं माझी पेटी आपणहून भरून दारात नेऊन ठेवली, वर तीच मुरंब्याची बरणी, आणि म्हणाली, "आता तुम्ही जाणार की मी जाऊ?"

आज सकाळी क्रॉम्पकडे गेलो. गुबगुबीत, गोरागोमटा माणूस. मला बघून त्याला आकाश ठेंगणं झालं. "सर लायनेल! आमच्या गावात! अहो, तुमचं ते कायद्यावरचं भाषण माझ्या उशाशी असतं!" मला बसवलं, वाईन दिली, आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, "तुमच्या पत्राप्रमाणे व्यवस्था केली बरं का. पोचलं त्याच दिवशी."

"कसली व्यवस्था?"

"अहो, तो पेनल! मऊपणा झाला होता आमच्याकडून, कबूल करतो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून चकाट्या पिटत होता. तुमच्यासारख्या माणसानं मुद्दाम नाव घेऊन चौकशी केली, म्हणजे ते तुमच्या कानावर गेलं असणार. तडक आत हलवला. बेड्यांसकट."

म्हणून सांगतो, हेटी, तो बडा माणूस मी. दुसरा कुणी नव्हता. जावई हा एक शब्द लिहिला असता तर जोसायास त्याच संध्याकाळी तुझ्या खोलीवर असता. तो लिहायची मला लाज वाटली, आणि मी पार्लमेंटी गोडबोलेपणा केला. त्या पत्रानं त्याला तापाच्या कोठडीत नेऊन टाकलं.

क्रॉम्पला म्हटलं, "तो माझा जावई आहे." त्याला वाटलं थट्टा करतोय. खो खो हसला. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हसणं थांबलं. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही, त्यानं सुटकेच्या कागदावर सही केली. जो शब्द घरी टेबलापाशी येत नव्हता तो तिथं कसा घडाघडा आला! तीन आठवडे उशिरा.

आता पुढचं नीट वाच, कारण ते तू पाहिलं नाहीस. तू हातगाडी आणायला गेली होतीस.

तुरुंगाच्या दारात दोघांनी धरून जोसायासला बाहेर आणलं आणि पायरीवर बसवलं. बाजाराचा दिवस, रस्ता भरलेला. ताप उतरलाय, पण अंगावर मांस राहिलेलं नाही. मी प्रथमच त्याला पाहिलं. मला वाटलं होतं देखणा वगैरे असेल. मोठ्या कानांचा, वाकड्या नाकाचा, हसऱ्या डोळ्यांचा साधा माणूस आहे गं. मी कोण ते सांगितलं. त्यानं कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोला, साहेब. तापात कान गेले. एकात भुंगे आहेत, दुसऱ्यात तेही नाहीत."

नटाचे कान, हेटी. समोरच्याचं वाक्य ऐकू आल्याशिवाय तो आपलं वाक्य कसं बोलणार? हा उजेड माझ्या डोक्यात पडला. त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. हळू आवाजात, सभ्यपणे म्हटलं, "मिस्टर पेनल, तुम्हाला आत हलवलं ते माझ्या पत्रामुळे. मला क्षमा करा."

"काय?"

जरा मोठ्यानं म्हटलं.

"अजून मोठ्यानं! शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे!"

मग मी उठून उभा राहिलो आणि ज्या आवाजात तो कायदा मंजूर करून घेतला त्याच आवाजात ओरडलो, "तुमचे कान माझ्यामुळे गेले! मी लिहिलं होतं ते पत्र! तुम्हाला जावई म्हणायची मला लाज वाटली! मला क्षमा करा!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. एका मासळीवालीनं टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, आम्हाला सगळं ऐकू आलं. पण त्याला नाही आलं. परत म्हणा." मी परत म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. घसा फाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सभागृहात मी एक वाक्य कधी दोनदा बोललो नाही.

जोसायास माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाला, "साहेब, ऐकू काहीसुद्धा आलं नाही. पण काम फार छान केलंत. रडणं तर अगदी खरं वाटलं."

आणि तेवढ्यात तू गाडी घेऊन आलीस. तुला वाटलं, बाबा आले आणि बाबांनी सोडवलं. माझा हात धरलास. ती मासळीवाली तिथंच उभी होती. तिला खरं ठाऊक होतं, सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, फक्त तुम्हा दोघांना नव्हतं. मला बोलता आलं असतं. माझा आवाज बसला होता हे खरं, पण कुजबुजण्याइतका होता. चार वर्षांनी तू हात धरला होतास आणि तो सुटू नये एवढंच मला वाटत होतं. जे सबंध गावासमोर ओरडून सांगितलं ते तुला सांगितलं नाही.

उद्या बाजारातून ते तुझ्यापर्यंत पोचेलच. त्याआधी माझ्याकडून पोचावं म्हणून हे लिहितोय. त्याला तू सांग, कागदावर लिहून दाखव किंवा हे पत्रच वाचायला दे. क्षमा मागितलेली ज्याला कळलीच नाही त्यानं कसली क्षमा करायची?

छापखान्याला मी इथूनच कळवलंय. तिसऱ्या खंडातलं ते पान, छापून झालं असलं तरी, कापून काढा, नवीन छापून तिथं चिकटवा. नावाडी वर, मोठ्या अक्षरात, त्याच्या जागी. छापखानेवाला मला शिव्या घालील, घालू दे. त्यानं जोसायासचे कान परत यायचे नाहीत, हे मला कळतं. त्याला पुन्हा कुणी नाटकात घेणार नाही, तेही कळतं. विनफोल्ड तुम्हा दोघांचं आहे, पण ते मी आता म्हटलं तर लाच दिल्यासारखं दिसेल, म्हणून आज म्हणत नाही.

होडीवाला हे पत्र घेऊन येतोय. बरणीही त्याच्याकडे दिली आहे, ती मिसेस टॅपलची आहे, माझी नव्हे, तेव्हा ती तरी ठेवून घे. उद्या सकाळी मी खाली धक्क्यावर येऊन थांबेन. वाचून झाल्यावर तुला वाटलं तर होडी पाठव. नाही वाटलं तर पाठवू नकोस. मी तुला दोष द्यायचा नाही, आणि गाडी जोडून ठेवायला सांगितलं आहे.

तू तिकडून विचारशील, कोण आहे? सरदार नाही, जमीनदार नाही, पार्लमेंटवाला कुणी नाही. ती सगळी माणसं मी घरी ठेवून आलोय.

एकटाच आहे.

बाबा